एकच इंग्रजी शब्द, पण नीट: ‘यील्ड’ वाक्यात ओळखायचा कसा, वापरायचा कसा

अभ्यासिकेत बसणाऱ्या पोरापोरींच्या बॅगेत एक वही हमखास सापडते. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. त्या वहीत ‘यील्ड’च्या समोर ‘उत्पन्न’ लिहिलेलं असतं. मग परीक्षेत वाक्य येतं, ‘द गव्हर्नमेंट रिफ्यूज्ड टू यील्ड टू द डिमांड’, आणि वहीतला अर्थ तिथे बसवला की सरकारने मागणीला उत्पन्न द्यायला नकार दिला असं काहीतरी विचित्र तयार होतं. शब्द पाठ असतो, वाक्य मात्र कळत नाही.

म्हणून इथे एकच शब्द घेऊ आणि तो पार तळापर्यंत बघू. ‘यील्ड’ घेण्याचं कारण असं की तो मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला सगळीकडे भेटतो. लातूरला नीटची तयारी करणाऱ्याला रसायनशास्त्रात, कृषी पदवीच्या मुलाला परभणीत, बँकेच्या परीक्षेला बसणाऱ्याला अर्थकारणाच्या पानावर, सिव्हिल डिप्लोमावाल्याला सळईच्या गणितात आणि घरी वडिलांना पीक विम्याच्या कागदावर. शिवाय या शब्दाचं मूळ घर म्हणजे शेती. इंग्रजी कच्चं असेल, पण शेतात काय घडतं ते आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. विषय आपल्या माहितीचा असला की शब्दाचा अर्थ खरा की खोटा, हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

आधी मराठीतला ‘उतारा’ आठवा

संदर्भावरून अर्थ काढायची सवय आपल्याला लहानपणापासून आहे. ‘उतारा वाचून उत्तरे लिहा’, ‘तलाठ्याकडून सातबाऱ्याचा उतारा आणा’, ‘विंचवाच्या विषावर उतारा’, ‘चौकात कुणीतरी उतारा टाकलाय, ओलांडू नको’, ‘कारखान्याचा साखर उतारा घसरला’, ‘सोयाबीनला एकरी उतारा किती पडला?’ शब्द एकच, अर्थ सहा, आणि आजवर कुणी तलाठ्याकडे विषावरचं औषध मागितलेलं नाही. आपण ‘उतारा’च्या आजूबाजूला बघतो: तलाठी आहे की विंचू, कारखाना आहे की प्रश्नपत्रिका. इंग्रजी शब्द समोर आला की हीच नजर आपण बंद करतो आणि वहीतला एक अर्थ घट्ट धरून बसतो. ती नजर पुन्हा उघडायची, एवढंच काम आहे.

पहिली पायरी: कोश उघडण्याआधी वाक्यं जमवा

शब्द भेटला की लगेच मोबाइलवर अर्थ शोधू नका. आधी तो शब्द असलेली पाच-सहा वाक्यं गोळा करा. इंग्रजी वर्तमानपत्राचं शेतीचं पान, अर्थकारणाचं पान, तुमचंच पाठ्यपुस्तक, एवढं पुरतं. उदाहरणादाखल ही सहा घेऊ:

१. ‘द न्यू व्हरायटी यील्डेड टेन क्विंटल्स ॲन एकर.’
२. ‘द सोयाबीन यील्ड फेल बिकॉज ऑफ द लाँग ड्राय स्पेल.’
३. ‘द टॉक्स डिड नॉट यील्ड एनी रिझल्ट.’
४. ‘द मिनिस्टर यील्डेड टू पब्लिक प्रेशर.’
५. ‘बाँड यील्ड्स रोज ॲज प्राइसेस फेल.’
६. ‘द स्टील यील्ड्स बिफोर इट ब्रेक्स.’

आता प्रत्येक वाक्यात ‘यील्ड’वर बोट ठेवून तो झाका आणि उरलेलं वाक्य वाचा. झाकलेल्या जागी मराठीत काय म्हणाल, ते पेन्सिलने लिहा. पहिल्यात ‘दिलं’ किंवा ‘पडलं’ येईल. दुसऱ्यात ‘उतारा’. तिसऱ्यात ‘निघालं’, कारण बोलणी झाली आणि त्यातून काहीच निघालं नाही. चौथ्यात ‘झुकले’. पाचव्याला थोडं अडखळाल, सहाव्यालाही. अडखळू द्या. ज्याचा अंदाज करायला डोकं खाजवलं तो अर्थ जास्त दिवस टिकतो.

कोश यानंतर. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी काढलेले ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे कोश नेटवर फुकट बघता येतात. त्यात व्याख्या सोप्या इंग्रजीत असते आणि खाली वाक्यं असतात. व्याख्येपेक्षा त्या वाक्यांवर जास्त वेळ घालवा.

दुसरी पायरी: नाम की क्रियापद?

हे लवकर उरकतं. शब्दाच्या आधी ‘द’, ‘हाय’, ‘ॲव्हरेज’ किंवा पिकाचं नाव असेल तर बहुतेक नाम. दुसऱ्या आणि पाचव्या वाक्यात तो नाम आहे, बाकी चारांत क्रियापद. फसवणूक ‘यील्ड्स’ या रूपात होते, कारण नामाचं अनेकवचनही तेच आणि एकवचनी कर्त्याचं वर्तमानकाळातलं क्रियापदही तेच. अशा वेळी वाक्यात दुसरं क्रियापद शोधा. पाचव्यात ‘रोज’, म्हणजे वाढले, हे क्रियापद आधीच हजर आहे, तेव्हा ‘यील्ड्स’ नाम. सहाव्यात ‘द स्टील’च्या मागोमाग काम करणारं दुसरं कुणी नाही, तेव्हा तिथे तो क्रियापद.

तिसरी पायरी: देणारा कोण, आणि मागे ‘टू’ आहे का?

सगळी गंमत इथे आहे, म्हणून जरा थांबून बघू.

सोयाबीनच्या सुगीनंतर मुलांना चार ओळी लिहायला सांगितल्या की हे वाक्य ठरलेलं असतं: ‘माय फादर यील्डेड ट्वेंटी क्विंटल्स ऑफ सोयाबीन.’ मराठीत ‘वडिलांनी वीस क्विंटल सोयाबीन काढलं’ हे अगदी बरोबर आहे. इंग्रजीत मात्र पीक देण्याच्या अर्थाने ‘यील्ड’चा कर्ता शेत, झाड, वाण किंवा बोअर असतो. माणूस पीक ‘हार्वेस्ट’ करतो, ‘ग्रो’ करतो, शेत ‘यील्ड’ करतं. बरोबर वाक्य असं: ‘आवर फील्ड यील्डेड ट्वेंटी क्विंटल्स ऑफ सोयाबीन’, किंवा ‘माय फादर हार्वेस्टेड ट्वेंटी क्विंटल्स ऑफ सोयाबीन.’

ही चूक नुसत्या व्याकरणाची म्हणून सोडून देऊ नका. माणूस कर्ता झाला की ‘यील्ड’चा अर्थ पार बदलतो. ‘माय फादर यील्डेड हिज लँड’ असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला कळेल की वडिलांनी जमीन सोडून दिली, दुसऱ्याच्या ताब्यात दिली. रस्त्यासाठी किंवा तलावासाठी जमीन गेलेल्या घरातल्या पोराने अर्जात हे वाक्य चुकून लिहिलं तर त्याचा काय अर्थ निघेल, विचार करा.

दुसरी खूण ‘टू’. कर्ता माणूस नसेल आणि ‘यील्ड’च्या मागे थेट वस्तू आली, की काहीतरी मिळालेलं असतं: ‘यील्डेड टेन क्विंटल्स’, ‘यील्डेड रिझल्ट्स’, ‘यील्डेड अ प्रॉफिट’. मागे ‘टू’ आला की कुणीतरी झुकलेलं असतं: ‘यील्डेड टू प्रेशर’, ‘यील्डेड टू द डिमांड’, ‘यील्डेड टू टेम्प्टेशन’, म्हणजे मोहाला बळी पडला.

इथे वर्गात कुणीतरी हात वर करतंच: “सर, म्हणजे ‘टू’ आला की झुकणं, नाही आला की पिकणं. एवढंच लक्षात ठेवलं तर चालतंय ना?”

पाऊण काम होतं, पूर्ण नाही. लोकसभेचं कामकाज बघताना ‘आय ॲम नॉट यील्डिंग’ हे वाक्य ऐकू येतं. एक खासदार बोलत असतो, दुसरा मधे उठतो, तेव्हा पहिला हे म्हणतो. मागे ‘टू’ नाही, वस्तूही नाही. अर्थ मात्र ‘मी बोलायची माझी पाळी सोडत नाही’. सळईच्या वाक्यातही मागे काहीच नव्हतं. तेव्हा मागची जागा रिकामी असेल तर कर्त्याकडे बघा. माणूस, सरकार, सेना असेल तर माघार घेणं किंवा जागा देणं. लोखंड, दार, कुलूप, जमीन असेल तर दाबाखाली नमणं. पीक किंवा वाण असेल तर पुन्हा शेती, जसं ‘धिस व्हरायटी यील्ड्स वेल’, हे वाण चांगलं पिकतं.

चौथी पायरी: सगळ्या अर्थांच्या तळाशी काय आहे?

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा पूर्वज होता आणि त्याचा अर्थ होता चुकतं करणं, देणं. जर्मन भाषेत पैशाला ‘गेल्ट’ म्हणतात, तो याच कुळातला. ‘देणं’ हे बीज हाती धरलं की बाकीच्या फांद्या दिसायला लागतात. शेत पीक देतं. बोलणी निष्कर्ष देतात. रोखा (बाँड) व्याज देतो. हरलेला राजा किल्ला देतो. रस्त्यावरचा गाडीवान दुसऱ्याला वाट देतो. लाल काठाचा उलटा त्रिकोण असलेली जी पाटी आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये ‘गिव्ह वे’ म्हणून ओळखतात, तिच्यावर अमेरिकेत ‘यील्ड’ लिहिलेलं असतं.

प्रत्येक शब्दाचं कूळ शोधत बसायला परीक्षार्थ्याला वेळ नसतो आणि कित्येकदा व्युत्पत्ती दिशाभूलही करते. पण एका शब्दाचे चार अर्थ एकमेकांशी बोलतच नाहीत असं वाटलं, तर एकदा तळ बघायला हरकत नाही.

पाचवी पायरी: तो शब्द जे नाही, तेही ठरवा

वहीतला ‘उत्पन्न’ हा अर्थ इथे सर्वांत जास्त घोळ घालतो. मराठीत उत्पादन, उत्पादकता आणि उत्पन्न आपण सैल हाताने वापरतो. इंग्रजीत त्यांची घरं वेगळी आहेत.

समजा तीन एकरांत एकूण २४ क्विंटल सोयाबीन झालं. हे २४ क्विंटल म्हणजे ‘प्रॉडक्शन’, एकूण उत्पादन. एकरी ८ क्विंटल म्हणजे ‘यील्ड’. आपल्याकडे ‘एकरी ॲव्हरेज काय पडलं?’ किंवा ‘बॅगला (पेरलेल्या बियाण्याच्या एका बॅगेला) किती झालं?’ असं विचारतात, ते विचारणं ‘यील्ड’चंच. मोंढ्यावर विकून हाती आले ते पैसे म्हणजे ‘इन्कम’. पोत्यात भरलेला माल म्हणजे ‘प्रोड्यूस’. तेव्हा जमीन वाढवली तर ‘प्रॉडक्शन’ वाढतं, ‘यील्ड’ वाढेलच असं नाही. परीक्षेत इंग्रजी उताऱ्यावरच्या प्रश्नात ‘प्रॉडक्शन रोज बट यील्ड फेल’ असं आलं तर त्यात विरोध काही नाही: पेरा वाढला, एकरी उतारा घटला. याच एका फरकावर चार पर्याय रचलेले असतात.

हेक्टरचंही बघून घ्या. वाणांच्या इंग्रजी माहितीत ‘यील्ड’ बहुतेक हेक्टरी क्विंटलमध्ये दिलेला असतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने सोयाबीनचे एमएयूएस ७१, १५८, १६२, ६१२ असे वाण दिले, त्यांची माहिती वाचताना हे लागतं. एक हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर. हेक्टरी २५ क्विंटल वाचून डोळे मोठे करू नका, एकरी ते दहाच्या आसपास आहे.

साखर कारखान्याचा ‘साखर उतारा’ मात्र इंग्रजीत ‘यील्ड’ नाही, तो ‘रिकव्हरी’. उसाच्या शेताचा एकरी उतारा ‘यील्ड’, आणि गाळलेल्या उसातून टक्क्यात किती साखर निघाली ती ‘रिकव्हरी’. मराठीत दोन्हीला ‘उतारा’ चालतो, म्हणून ऊसपट्ट्यातली मुलं इथे हटकून घसरतात.

तसंच पाण्याचं. जायकवाडीची एकूण साठवण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर, ही ‘कपॅसिटी’. पाणलोटातून वर्षाला जेवढं पाणी येतं तो ‘यील्ड’. पाटबंधाऱ्याच्या अहवालात ‘सेव्हंटी-फाइव्ह पर्सेंट डिपेंडेबल यील्ड’ म्हणतात, म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर वर्षांत निदान एवढं पाणी येईल अशी खात्री. बोअरला ‘दोन इंच पाणी लागलं’ हे आपलं माप इंग्रजीत जसंच्या तसं नेऊ नका. तिथे ‘द बोअरवेल यील्ड्स’च्या पुढे तासाला किती लिटर ते येतं.

आता हाच फरक घरच्या कागदावर. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. तिच्यात ‘थ्रेशोल्ड यील्ड’ असा शब्द आहे. मराठीत त्याला ‘उंबरठा उत्पन्न’ म्हणतात, आणि ‘उत्पन्न’ दिसलं की माणसाला वाटतं पैशांबद्दल चाललंय. ते पैसे नव्हेत, ते हेक्टरी पीक आहे. पीक कापणी प्रयोगातून निघालेला प्रत्यक्ष उतारा म्हणजे ‘ॲक्च्युअल यील्ड’. उंबरठ्यातून प्रत्यक्ष वजा करायचा, उंबरठ्याने भागायचं आणि विमा संरक्षित रकमेने गुणायचं, ही भरपाई. गणितासाठी सोपे आकडे धरू: उंबरठा हेक्टरी १२ क्विंटल, प्रत्यक्ष ९, संरक्षित रक्कम ५०,००० रुपये. तूट ३, म्हणजे बाराचा चौथा हिस्सा, म्हणजे १२,५०० रुपये. हा ‘यील्ड’ तुमच्या एकट्याच्या शेताचा नसतो, तो विमा क्षेत्राचा, म्हणजे विम्यासाठी एकत्र धरलेल्या सगळ्या पट्ट्याचा असतो. सोयाबीनसारख्या मुख्य पिकाला आपल्याकडे बहुतेक महसूल मंडळ धरतात. माझ्या शेतात तर काहीच आलं नाही, मग विमा का नाही, या भांडणाचं मूळ बऱ्याचदा इथे असतं.

शेत सोडून बाकी ठिकाणी

रसायनशास्त्रात ‘पर्सेंट यील्ड’ म्हणजे गणिताने जेवढा पदार्थ निघायला हवा त्यातला प्रत्यक्षात किती टक्के निघाला. ५० ग्रॅम अपेक्षित, ४० मिळाला, तर ८० टक्के. नीटच्या मुलांना हे सूत्र येतं, पण हा तोच शेतातला शब्द आहे हे फारसं कुणी सांगत नाही.

बाँडचं वाक्य आपण अर्धवट सोडलं होतं. बाँड म्हणजे रोखा, पैसे उसने दिल्याचा कागद, ज्यावर व्याज मिळतं. १,००० रुपयांचा रोखा वर्षाला ७० रुपये देतो, म्हणजे ७ टक्के. बाजारात त्याची किंमत ९५० झाली तरी तो ७० रुपयेच देणार. आता ९५० घालून ७० मिळतात, म्हणजे जवळपास ७.३७ टक्के. किंमत पडली, ‘यील्ड’ चढला. पाचवं वाक्य आता पुन्हा वाचा.

सळईच्या दुकानात ‘एफई ५००’ असं ऐकता, त्यातला ५०० हा आकडा ‘यील्ड’चाच आहे: किमान ५०० मेगापास्कल ताणापर्यंत ती सळई कायमची वाकत नाही. ‘५०० डी’मधला ‘डी’ सांगतो की ती त्यापुढे तुटण्याआधी जास्त ताणली जाते. किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंतींना असं नमणं ठाऊक नव्हतं, त्या थेट ढासळल्या. इंजिनिअरला म्हणूनच ‘यील्ड’ होणारं लोखंड हवं असतं. राजकारणाच्या बातमीत ‘यील्डेड’ म्हटलं की दुबळेपणाचा वास येतो, इमारतीत तोच गुण ठरतो. शब्द चांगला की वाईट, हेही शेजारी कोण बसलंय त्यावर ठरतं.

सहावी पायरी: तोंडाने म्हणा

स्पेलिंग वाय-आय-ई-एल-डी. ‘इल्ड’ किंवा ‘यिल्ड’ नव्हे. ‘फील्ड’ म्हणा आणि ‘फ’च्या जागी ‘य’ ठेवा, स्पेलिंगही त्याच चालीवर बसतं. भूतकाळ ‘यील्डिड’सारखा ऐकू येतो. इथे लिहिताना ‘यील्डेड’ ठेवलाय तो सवयीमुळे.

सातवी पायरी: स्वतःची वाक्यं, स्वतःच्या गावाची

पुस्तकातलं वाक्य उतरवून काढण्यात फायदा नाही. तुमच्या माहितीतली खरी गोष्ट घ्या. विहीर, बोअर, आंब्याचं झाड, गावातली बैठक, क्लासची फी कमी करण्याची मागणी. प्रत्येक अर्थाचं एक वाक्य करा आणि मग तपासा: कर्ता कोण? मागे ‘टू’ हवा का? जोडीला बसणारे शब्द कोणते? ‘हाय यील्ड’, ‘लो यील्ड’, ‘पुअर यील्ड’ म्हणतात, ‘बिग यील्ड’ कानाला खटकतो. ‘मोर यील्ड’ आपल्याकडे सर्रास चालतो, पण ‘हायर यील्ड’ लिहिलेलं बरं. शंका आली तर ती दोन-तीन शब्दांची जोडी अवतरण चिन्हांत टाकून नेटवर शोधा आणि चांगल्या वर्तमानपत्रात ती सापडते का बघा. भाषांतराच्या ॲपमध्ये मराठी वाक्य टाकून तयार इंग्रजी घेतलंत तर हा सगळा खटाटोप वाया गेला समजा.

वहीची मांडणीही बदला. एका शब्दाला अख्खं पान द्या. वर शब्द, खाली जमवलेली वाक्यं, त्याखाली तुमची, आणि कोपऱ्यात ‘हा शब्द म्हणजे काय नाही’ यासाठी जागा. दिवसाला तीस शब्दांची शर्यत यात बसणार नाही, दोन-तीन शब्द होतील. चालतं. पान चार-आठ दिवसांनी उघडून फक्त तुमची वाक्यं झाकून पुन्हा तयार करा.

आता करून बघा

या चार वाक्यांत कुठलं चुकलंय आणि बरोबर असलेल्यांत अर्थ कुठला?

अ) ‘द फॅमिलीज ॲन्युअल यील्ड इज सिक्स्टी थाउजंड रुपीज.’
आ) ‘आफ्टर टू अवर्स द ओल्ड लॉक यील्डेड.’
इ) ‘द एन्क्वायरी यील्डेड टू न्यू इन्फर्मेशन.’
ई) ‘द कमिटी वुड नॉट यील्ड ऑन द क्वेश्चन ऑफ वॉटर.’

‘अ’ चूक, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न म्हणजे ‘इन्कम’. तहसीलच्या दाखल्यावर ‘यील्ड’ लिहू नका. ‘आ’ बरोबर: जुनं कुलूप शेवटी निघालं, दाबाखाली नमलं. ‘इ’मध्ये ‘टू’ आगाऊ आहे, कारण चौकशीतून माहिती मिळाली, चौकशी माहितीपुढे झुकली नाही. आणि त्या जागी दोन हा आकडा, म्हणजे टी-डब्ल्यू-ओ, अभिप्रेत असेल, तरी वाक्य चूकच, कारण इंग्रजीत ‘इन्फर्मेशन’ एक-दोन अशी मोजत नाहीत. ‘ई’ बरोबर: पाण्याच्या मुद्द्यावर समिती हटायला तयार नव्हती. इथे ‘ऑन’मागे वादाचा विषय येतो, आणि समिती कुणापुढे झुकली नाही ते सांगायचं असतं तर ‘टू’ आला असता.